जुन्या इंजिनाची नवी बांधणी

घरातली एखादी वस्तू कुरकुर करू लागली, की एक जण म्हणतो, "मोडीत काढा." दुसरा म्हणतो, "चालतंय तोवर चालू द्या." तिसराही एक मार्ग असतो. वस्तू उघडावी. कोणता भाग चांगला, कोणता वाईट, हे नीट पाहावे. मग वाईट तेवढा काढावा आणि चांगला जपावा. हा मार्ग कष्टाचा असतो. इंग्लंडातल्या ३० आगगाडी-इंजिनांच्या बाबतीत हाच मार्ग धरला गेला. त्यांची हकिगत आम्ही या पाठात सांगतो.

ही इंजिने कोणती?

दुसरे महायुद्ध चालू होते. त्या वेळी इंग्लंडच्या दक्षिण भागातील 'सदर्न रेल्वे'चे मुख्य यंत्र-इंजिनियर बुलीड हे होते. त्यांनी जलद गाड्यांसाठी एक नवे इंजिन काढले. पहिले इंजिन १९४१ साली ईस्टली येथील कारखान्यातून बाहेर पडले. १९४९ पर्यंत अशी ३० इंजिने झाली. या वर्गाचे नाव 'मर्चंट नेव्ही', म्हणजे व्यापारी जहाजांचा ताफा. युद्धात धान्य आणि माल आणताना त्या जहाजांवरील फार माणसे कामी आली. म्हणून बहुतेक इंजिनांना जहाज कंपन्यांची नावे दिली.

त्यांत 'पी. अँड ओ.' आणि 'ब्रिटिश इंडिया' या कंपन्यांचीही नावे होती. मुंबई बंदरात ही नावे घरोघर माहीत होती. या कंपन्यांच्या बोटींवर कोकणातली कितीतरी माणसे खलाशी म्हणून राबली.

वाफ चाक कशी फिरवते?

पुढचे समजण्यासाठी एवढे ध्यानात घ्या. भट्टीत कोळसा जळतो. बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि आतल्या दट्ट्याला ढकलते. दट्ट्या दांड्याने चाकाला जोडलेला असतो, म्हणून चाक फिरते. वाफ एकदा दट्ट्याच्या पुढून आणि एकदा मागून यावी लागते. ती वेळेवर आत घ्यायची आणि वेळेवर बाहेर सोडायची, हे काम झडपेचे. झडप चुकली, की वाफ वाया गेली आणि कोळसाही वाया गेला.

कल्पना चांगली, पण...

झडप हलवणारे दांडे बहुतेक इंजिनांत चाकांजवळ उघडे असतात. त्यांना वरचेवर तेल घालावे लागते. धूळ बसते, दांडे झिजतात. बुलीडसाहेबांना वाटले, माणसाचे हे रोजचे कष्ट वाचवावेत. त्यांनी झडपांची यंत्रणा इंजिनाच्या पोटात, तेलाने भरलेल्या बंद पेटीत बसवली. तिला गती द्यायला साखळ्या लावल्या. शिवाय सगळ्या इंजिनावर सपाट पत्र्याचे आवरण चढवले.

सायकलची साखळी तुम्ही पाहिली आहे. वापरता वापरता ती सैल पडते. इथेही तेच झाले. साखळ्या झिजून लांबल्या आणि झडपांची वेळ बिघडू लागली. पेटीतून तेल गळू लागले. ते चाकांवर आणि रुळांवर पडले, की चाके जागच्या जागी घसरत. ते तेल बॉयलरभोवतीच्या वेष्टणातही मुरे. त्यावर ठिणगी पडली, की आवरणाच्या आत आग लागे! कधी कधी तर आग विझवणाऱ्यांना बोलवावे लागे. बिघाड शोधायचा तर तो बंद पेटीत. कष्ट वाचवायला केलेली सोय कारखान्यातल्या कामगारांच्या कष्टात भर घालू लागली.

तरी या इंजिनाचा बॉयलर फार गुणी होता. भट्टीच्या आत पाण्याच्या दोन पोकळ वाटा होत्या, त्यामुळे पाणी लवकर तापे. हलका कोळसा घातला तरी वाफ कमी पडत नसे. ड्रायव्हर आणि फायरमन इंजिनाच्या खोड्यांना बोटे मोडत, पण बॉयलरची तारीफ करीत.

आस तुटला

२४ एप्रिल १९५३ या दिवशी क्रूकर्न स्टेशनाजवळ 'बिबी लाइन' नावाच्या इंजिनाचा मधल्या मोठ्या चाकांचा आस भर वेगात तुटला. आस म्हणजे बैलगाडीचा जो आख, तोच. नशीब म्हणून कोणी दगावले नाही. पण एकाचा तुटला, तर दुसऱ्याचा तुटणार नाही कशावरून? म्हणून या वर्गाची सगळी इंजिने कामावरून काढून तपासली. तोवर गाड्या ओढायला दुसऱ्या विभागांतून इंजिने उसनी आणली. माणसांचा जीव ज्याच्यावर अवलंबून असतो, त्याची तपासणी अशीच करावी लागते.

काय काढले, काय ठेवले?

बुलीडसाहेब १९४९ सालीच आयर्लंडला गेले होते. इंजिने नव्याने बांधण्याची आखणी जार्विस या इंजिनियरांनी केली. त्यांनी पत्र्याचे आवरण काढले. साखळ्या काढल्या. तेलाची पेटी काढली. त्यांच्या जागी जुन्या, पारखलेल्या पद्धतीचे दांडे बसवले. मधला सिलिंडर नवा घातला. पण बॉयलर, भट्टी, चाके आणि बाहेरचे दोन सिलिंडर तेच ठेवले. बुलीडसाहेबांचे चांगले काम त्यांनी मोडले नाही.

नव्या बांधणीचे पहिले इंजिन फेब्रुवारी १९५६ मध्ये तयार झाले. ते होते 'ब्रिटिश इंडिया लाइन'. १९५९ पर्यंत तिसाच्या तीस इंजिनांची बांधणी झाली.

फायदा आणि तोटा

इंजिने भरवशाची झाली. तेल गळणे आणि आगी लागणे थांबले. दुरुस्ती सोपी झाली. पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक इंजिनाचे वजन सुमारे ३ टनांनी वाढले, आणि रुळांवर चाकांचा ठोका पूर्वीपेक्षा जोराचा बसू लागला. फुकट काहीच मिळत नाही.

एवढे करूनही ही इंजिने फार वर्षे चालली नाहीत. डिझेल आणि वीज आली. १९६४ पासून ही इंजिने निघू लागली, आणि जुलै १९६७ मध्ये त्या भागातला वाफेचा कारभार संपला. पण शेवटच्या दिवसांतही त्यांची धमक गेली नव्हती. २६ जून १९६७ रोजी 'रॉयल मेल' नावाचे इंजिन ताशी १०५ मैलांच्या वेगाने धावले!

तिसांपैकी ११ इंजिने जपून ठेवली आहेत. त्यांतले एक यॉर्क शहराच्या रेल्वे संग्रहालयात आहे. त्याची एक बाजू मुद्दाम कापून उघडी केली आहे, म्हणजे आतली रचना कोणालाही दिसावी.

एक गोष्ट मनात ठेवा. बुलीड हुशार होते, म्हणून त्यांची प्रत्येक कल्पना बरोबर ठरली नाही. आणि साखळी चुकली, म्हणून त्यांचा बॉयलर वाईट ठरला नाही. यंत्र असो, गावची जुनी रीत असो, की माणूस असो. एका दोषाने सगळे टाकू नये, आणि एका गुणाने सगळे झाकू नये.

विचार करा

१. झडपेचे काम काय?
२. तेलाच्या पेटीमुळे कोणते त्रास झाले?
३. नव्या बांधणीत कोणते भाग तेच ठेवले? का ठेवले?
४. तुमच्या घरात किंवा शेतावर दुरुस्तीला आलेली एखादी वस्तू आहे का? तिचा कोणता भाग ठेवाल आणि कोणता बदलाल, ते चार ओळींत लिहा.