पाळणाघरात बाळाचे काय, कोणी आणायचे?



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट कुजविणे असे विषय घेतो. या वेळी विषय तोडणीचाच आहे, पण कोयत्याच्या पाठोपाठ जे तान्हे मूल आपल्या शिवारात येते त्याचा आहे. एक ज्येष्ठ सभासद आम्हांला म्हणाले, "साहेब, ऊस सोडून हे लंगोटाचं काय काढलंत?" हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उत्तर समजावे.

आपल्याकडे बीड, जालना, पाथर्डी या भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. भल्या पहाटे अंधारात टोळी अड्ड्यावरून निघते. त्या वेळी बाईपुढे प्रश्न असतो की कडेवरचे बाळ ठेवायचे कोठे? कोपीवर ठेवावे तर सांभाळायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण, म्हणजे तिची शाळा बुडाली. फडात न्यावे तर पाचट, विंचूकाटा, ऊन आणि वाहनांची ये-जा. म्हणून आमच्या गटातील एका वस्तीवर एका सभासदांच्या पत्नीने आपल्या पडवीत घरगुती पाळणाघर सुरू केले. सारे गाव त्यांना वहिनी म्हणते, आम्हीही म्हणतो. तेथे टोळीतली बाळे असतात, तशी गावातल्या शिक्षिकेची आणि बँकेत जाणाऱ्या सुनेचीही असतात. काम चांगले चालले. वाद निघाला तो एकाच गोष्टीवरून. बाळाला लागणाऱ्या वस्तू आईबापांनी द्यायच्या की पाळणाघराने?

हा वाद मिटविण्यासाठी 2024-25 च्या हंगामात आम्ही गट कार्यालयात बसून एक यादी केली. बारा लंगोट, चार दुपटी, दोन दुधाच्या बाटल्या, पावडरीचा डबा, अंगाचा साबण, पंचा, चादरी दोन. तालुक्याच्या गावच्या एका पाळणाघराची यादी समोर होती, तीच उतरवली आणि वहिनींच्या पडवीत चिकटवली. आपण मोठे शिस्तीचे काम केले असे आम्हांला वाटले, हे कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारीत एक बाई सात महिन्यांची मुलगी घेऊन आली. लंगोट मोजले. ती म्हणाली, "ताई, चारच हायेत. दोन धुऊन वाळत घातल्यात." यादीत बारा होते. वहिनींनी यादीकडे बोट दाखविले. त्यांचा दोष नाही, यादी आमची होती. बाई काही न बोलता मागे फिरली आणि मुलीला फडात घेऊन गेली. दुपारी ऊन वाढले तसे तिने मुलीला ट्रॉलीच्या सावलीत पाचटावर निजविले. ट्रॉली मागे घ्यायची वेळ आली तेव्हा चाकाजवळ दुपट्याचे टोक क्लीनर पोराला दिसले. तो ओरडला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मुलीला काही झाले नाही, म्हणूनच हे येथे लिहिता येते आहे. संध्याकाळी आम्ही ती यादी स्वतःच्या हाताने फाडली.

त्यानंतर वहिनींशी, उपकेंद्राच्या नर्सबाईंशी आणि टोळीतल्या बायकांशी बोलून आम्ही जे शिकलो ते आता सांगतो. वस्तू किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की ही वस्तू एकाच बाळाच्या तोंडाला-अंगाला लागणारी आहे की सर्वांची आहे, आणि एखाद्या दिवशी ती नसली तर तिथल्या तिथे कोण भरून काढू शकतो? याचे उत्तर मिळाले की निम्मा वाद संपतो.

लंगोटापासूनच सुरुवात करू. आईचे दूध पोटभर मिळणारे बाळ दिवसरात्रीत निदान सहा वेळा शू करते. नर्सबाईंनी सांगितले की दूध पुरते की नाही ते ओळखण्याची हीच साधी खूण आहे. पाळणाघरातल्या आठ तासांत चार-पाच लंगोट ओले होणार, शीचे दोन-तीन वेगळे. म्हणजे सात-आठ हाताशी हवेत. बारा कशाला, हे आजही आम्हांला सांगता येणार नाही. आता ज्या आईकडे आठ आहेत तिने आठ आणावेत. जिच्याकडे चार आहेत तिने चार आणावेत, उरलेले पाळणाघराच्या गाठोड्यातून द्यावेत. हे गाठोडे जुन्या सुती धोतरांचे आणि नऊवारी लुगड्यांचे करावे. नव्या कोऱ्या कापडापेक्षा धुऊन-धुऊन मऊ झालेले कापड बाळाला बरे. सामाईक लंगोट उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावेत. ज्या बाळाला जुलाब आहेत त्याचे वेगळ्या बादलीत धुवावेत आणि बाईने नंतर साबणाने हात धुतल्याखेरीज दुसऱ्या बाळाला हात लावू नये. म्हणून साबण, बादली, दोरी, जळण हे सर्व पाळणाघराचे. साबण आईने आणावा अशी अट घातली की साबण संपतो त्या दिवशी हात धुतले जात नाहीत.

गावातल्या सुना डायपर देतात. ते त्यांनीच द्यावेत, कारण माप प्रत्येक बाळाचे निराळे. एकच विनंती. वापरलेला डायपर पाटात टाकू नये. मागे एका दारेत असाच गठ्ठा अडकून पाणी फुटले होते आणि आम्ही उंदीर शोधत बसलो होतो.

आता दूध. यादीत दोन बाटल्या लिहिल्या ही आमची दुसरी चूक, आणि ती लंगोटापेक्षा मोठी. बाटलीचे बूच आणि त्याची खाच वस्तीवरच्या पाण्याने निर्मळ होत नाही. तेथे राहिलेले दूध नासते आणि तेच बाळाच्या पोटात जाते. दूधबाटली व बालदुधाची पावडर यांच्या जाहिरातीला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि आम्ही तीच बाटली भिंतीवर लिहून मागत होतो. बाटली कोणीच देऊ नये, आईबापांनीही नाही आणि पाळणाघरानेही नाही. लागेल तेथे वाटी-चमचा वापरावा. वाटी-चमचा उकळून घेता येतो आणि डोळ्यांना स्वच्छ दिसतो. तो पाळणाघराचा असावा, प्रत्येक बाळाचा वेगळा, खूण केलेला.

सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध एवढाच आहार. वरचे पाणीसुद्धा नको, गुटी नको, मध तर वर्ष होईपर्यंत नको. मग आई फडात असताना काय करायचे? येथे सर्वांत मोठी वस्तू म्हणजे स्वतः आईच, आणि ती पुरविणे मुकादमाच्या व आमच्या हाती आहे. ज्या बाईचे अंगावर पिणारे बाळ आहे तिचा कोयता शक्यतो पाळणाघराजवळच्या फडात लावावा आणि तिला मधून दोन-तीनदा पाजायला सोडावे. मुकादम म्हणतो, "साहेब, मोळ्या कमी पडतील." पडतील थोड्या. पण बाळ आजारी पडले की ते कोयतेच चार दिवस बंद राहते, हा हिशेब मुकादमालाही कळतो.

नोकरीवर जाणारी आई दूध काढून ठेवते. ते तिने उकळलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात द्यावे आणि वर वेळ लिहावी. बाहेर ठेवलेले दूध चार तासांच्या आत संपवावे, मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. फ्रिज असेल तर आतल्या बाजूला ठेवावे, दारात नको. वीज गेली तर दार पुन्हापुन्हा उघडून पाहू नये. वाटीत उरलेले उष्टे दूध परत ठेवू नये. आणि डॉक्टरांनी पावडरीचे दूध सांगितलेच असेल तर डबा आईबापांनी आणावा, मापाचा चमचा त्याच डब्यातला असावा. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात चालत नाही.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते. आमची समजूत होती की डबा आईने द्यावा. बायकांनीच ती दुरुस्त केली. टोळीतली बाई रात्री तीन-चारला स्वयंपाक करते. ते अन्न दुपारपर्यंत बाळाला देण्यासारखे राहत नाही. म्हणून अन्न पाळणाघरात ताजे शिजवावे. मुगाच्या डाळीचा मऊ भात, वर तेल किंवा तूप, नाचणीची लापशी, कुस्करलेले केळे किंवा बटाटा. मात्र कोणताही नवा पदार्थ पहिल्यांदा आईने आपल्या हाताने घरी द्यावा. अंगावर पुरळ येते का, उलटी होते का, ते कळले की मग पाळणाघराने द्यावा. शेंगदाणा द्यायचा तो बारीक कूट करूनच. अख्खा दाणा, फुटाणा घशात अडकतो. गावच्या अंगणवाडीत या टोळीच्या मुलांचीही नोंद करून घ्यावी.

आणखी एक, जे कारखान्याच्या पत्रिकेत छापणे जरा अवघड आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या हाती उसाचे कांडे देऊ नये. रस, काकवी, गूळ, साखरही नको. दोन वर्षांपर्यंत वेगळी साखर नसलेलीच बरी. साखर वाटीत टाकायची वेळ एकच, बाळाला जुलाब झाले आणि क्षारसंजीवनीची पुडी हाताशी नसली तर: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पुड्या उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळतात, त्या पाळणाघराने आधीच आणून ठेवाव्यात. एक लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण एका लिटरमध्येच घालायची, अर्धी-मुर्धी नाही, आणि चोवीस तासांनंतर उरलेले पाणी फेकून द्यायचे. जुलाबातही आईचे दूध चालूच ठेवायचे. बाळ मलूल झाले, प्यायचे थांबले किंवा शीतून रक्त दिसले तर घरचे उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

औषध मात्र पाळणाघराने स्वतःच्या फडताळातून कधीही देऊ नये. तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, थेंबांची बाटली आणि पातळ औषधाची बाटली यांचा जोर सारखा नसतो. त्या बाळासाठी लिहून दिलेली बाटली, डॉक्टरांची चिठ्ठी, किती व केव्हा हे आईबापांनी द्यावे. चिठ्ठी नसेल तर औषध परत पाठवावे. येथे वहिनी कडक आहेत आणि आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. लसीकरणाचे कार्डही आईजवळच राहू द्यावे, कारण टोळी उद्या दुसऱ्या गटात जाईल. पाळणाघराने त्याची नक्कल ठेवावी. कार्ड दाखविले की राहिलेली लस आपल्याकडच्या सरकारी केंद्रातही मिळते, बीडला परत जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

निजण्याची जागा पाळणाघराची, अंथरूण-पांघरूण बाळाचे स्वतःचे. आईचे जुने लुगडे असेल तर उत्तम, बाळाला वास ओळखीचा असतो. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. जाड उशा, लोडाचे टेकू काढून टाकावेत. झोळी बांधायची असेल तर दोर पाळणाघराने घ्यावा आणि रोज हाताने ओढून पाहावा. मोळीच्या दोराइतकाही विश्वास त्यावर टाकू नये. गळ्यातला काळा दोरा, मणी, ताईत निजताना काढावा. यावर काही बायका नाराज झाल्या. वहिनींनी तो मनगटाला न बांधता आईच्याच पदराला बांधायला सांगितला आणि ते पटले.

राहिली एक वस्तू, जी कोणत्याच यादीत नव्हती: आई आज कोठे आहे हा कागद. तोडणीचा कार्यक्रम आम्ही ठरवतो, फड आम्ही बदलतो, आणि दुपारी बाळ तापाने फणफणले तर वहिनींना आई कोणत्या शिवारात आहे ते ठाऊक नसते. ही वस्तू आईबापांनी द्यायची नाही आणि पाळणाघरानेही नाही, ती कारखान्याने द्यायची. आता चिटबॉय रोज सकाळी एक चिठ्ठी पाळणाघरात देतो: सभासदाचे नाव, गट नंबर, टोळी, मुकादमाचा व ट्रॅक्टर ड्रायव्हरचा मोबाईल. फड बदलला तर फोन करतो. खाली 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर ठळक लिहिलेला असतो.

खर्चाचे विचाराल तर साबण, डाळ-तांदूळ, जळण यांचा खर्च टोळीच्या उचलीत धरू नये असे आम्ही सर्व मुकादमांना बजावले आहे. एकाने लंगोटाचे कापड खाती लिहिले होते, ते खोडायला लावले. गावातल्या सुनांकडून वहिनी महिन्याचे पैसे घेतात ते रास्तच आहे.

ज्या सभासदांच्या घरी जुनी सुती धोतरे, लुगडी, धडक्या चादरी असतील त्यांनी त्या धुऊन गट कार्यालयात किंवा थेट वहिनींकडे पोहोचवाव्यात. नायलॉन, टेरिकॉट नको. आणि आणखी कोणाच्या वस्तीवर पडवी मोकळी असेल, विहिरीला कठडा असेल, घरात एखादी बाई दिवसभर असेल, तर टोळ्या उतरण्यापूर्वी आम्हांला कळवावे. आम्ही येऊन जागा पाहू. या खेपेस यादी घेऊन येणार नाही.