धाब्याला कठडा

शास्त्रभाग : अनुवाद 22:8, यिर्मया 38:6-13



भातकापणी उरकली आणि दिवाळी सरली की आमच्या पाड्यांवरच्या कितीतरी घरांची दारे बंद होतात. माणसे "जगायला" जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, आणि आता बरीच तरुण मुले बांधकामावर. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही प्रार्थना करतो, डोक्यावर हात ठेवतो आणि होळीला सुखरूप या म्हणतो. पण तिथे किती उंचावर चढणार, कमरेला काय बांधणार, हे मी कित्येक वर्षे एकालाही विचारले नव्हते.

विचारू लागलो ते आमच्याच वसतिगृहात घडलेल्या एका प्रसंगानंतर. पावसाळ्याआधी छपराचे सिमेंटचे पत्रे बदलायचे होते. पाड्यावरचा एक मुलगा शिडी लावून वर चढला. त्याला ना दोर होता, ना पायाखाली फळी. जुना पत्रा मोडला आणि तो खाली फरशीवर आला. आम्ही चौघांनी घाबरून त्याला हातापायांना धरून उचलले आणि जीपमध्ये घातले. देवाच्या दयेने तो वाचला, पण आज लंगडत चालतो. त्या दिवशी त्याचा मालक कोणी बिल्डर नव्हता. मालक आम्ही होतो.

आज्ञा कोणाला आहे?

मोशेच्या नियमशास्त्रात नवे घर बांधणाऱ्यासाठी एक छोटी आज्ञा आहे : धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशात धाबे सपाट असत. लोक तिथे बसत, झोपत, धान्य वाळवत. ही आज्ञा धाब्यावर चढणाऱ्याला दिलेली नाही. "जपून चाल" असे तिथे म्हटलेले नाही. आज्ञा घरधन्याला आहे, आणि ती कोणी पडण्याआधी पाळायची आहे.

आपण मात्र उलटे बोलतो. मजूर पडला की "लक्ष नव्हते", "प्यायला असेल", "त्याची वेळ आली होती" असे म्हणून मोकळे होतो. शास्त्र पहिला प्रश्न घरधन्याला विचारते : कठडा कुठे आहे?

कठडा आधी, पट्टा नंतर

उंचीवरच्या कामाच्या सुरक्षिततेचा क्रमही असाच आहे. पहिले, जे काम जमिनीवर होईल ते वर करू नये. दुसरे, वर जावेच लागले तर पडायला जागाच ठेवू नये : स्लॅबच्या कडेला मजबूत कठडा, लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्याला आडोसा, परांचीवर सलग आणि बांधलेल्या फळ्या. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय कधीच देऊ नये. आधाराच्या वाशांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या टाकूनच चालावे. उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे तर त्याहून फसवे. हे सारे करूनही धोका उरला, तर तिसरा उपाय म्हणजे सेफ्टी बेल्ट.

नुसता कमरेचा पट्टा पुरेसा नाही. पडताना बसणारा सारा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा हवा. त्याचा हूक पक्क्या आधाराला आणि शक्यतो डोक्याच्या वर अडकवावा. बांबूच्या परांचीला किंवा पाण्याच्या पाइपला तो अडकवणे म्हणजे मनाचे समाधान करून घेणे.

एक हिशेब प्रत्येक मुलाला समजावून सांगा. दोर साधारण 1.8 मीटर असतो. झटका झेलणारी पट्टी उसवत जाऊन 1 मीटर किंवा त्याहून जास्त लांबते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतचे अंतर सुमारे 1.5 मीटर. खाली मोकळी जागा निदान 1 मीटर हवी. म्हणजे हूक जिथे अडकवला तिथून खाली 5 मीटरहून अधिक जागा लागते. मजला असतो साधारण 3 मीटरचा. पहिल्या स्लॅबवर पायाशी हूक अडकवला, तर दोर ताणला जाण्याआधीच माणूस जमिनीवर आदळेल. पट्टा अंगावर होता, तरीही.

रोज सकाळी पट्ट्याची शिवण, कड्या आणि हूक पाहावेत. शिवण तुटलेली किंवा दोर कापलेला असेल, तर तो पट्टा वापरू नये. एकदा पडणाऱ्याला झेललेला पट्टाही पुन्हा वापरू नये.

दोर आणि चिंध्या

पट्ट्याने माणूस वाचला, पण हवेत लटकला. पुढे काय? इथे यिर्मयाची गोष्ट आठवावी. संदेष्ट्याला विहिरीत सोडले होते आणि तो चिखलात रुतला होता. एबद-मलेख नावाचा कूशी माणूस, एक परका, राजाकडे गेला. त्याने परवानगी आणि माणसे मिळवली. मग भांडारातून जुनेर आणि चिंध्या घेतल्या, दोरांनी खाली सोडल्या आणि त्या काखेत, दोरांखाली घे, असे यिर्मयाला सांगितले. दोर काचेल हेदेखील त्याच्या ध्यानात आले होते. माणसे, साधन, जागा आणि जखम होऊ नये म्हणून केलेली सोय, यालाच आज बचावाची योजना म्हणतात.

पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते. काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून "अग्निशमन दल येईल" ही योजना नव्हे. काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे : कोण वर जाणार, कोणती शिडी किंवा दोर वापरणार, फोन कोण करणार. लटकलेल्याने शुद्ध असेपर्यंत पाय हलवत राहावेत. दोराचा फास करून त्यात पाय देऊन उभे राहता आले तर उत्तम. वर एकट्याने काम करूच नये.

जमिनीवर पडलेल्याला आम्ही उचलले तसे उचलू नका. 108 ला फोन करा. मान आणि पाठ हलू देऊ नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा. श्वास चालू आहे का, ते पाहत राहा.

आपण काय करावे?

आता निरोपाच्या प्रार्थनेआधी आम्ही अर्धा तास बसतो. एक पट्टा आणला आहे. प्रत्येक मुलगा तो अंगावर चढवून पाहतो, आणि हसतोही. मुकादमाचा फोन नंबर आणि कामाचा पत्ता वहीत लिहून घेतो. 1996 च्या कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळे उभी राहिली. 18 ते 60 वयाच्या आणि मागच्या 12 महिन्यांत निदान 90 दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराला तिथे नोंदणी करता येते. त्यासाठी दिवसांचा लेखी दाखला मागून घ्या, असेही सांगतो.

आणि शहरातल्या वाचकांनो, तुमच्या इमारतीला रंग लावायला जो दोरावर लोंबकळतो, तो कदाचित आमच्याच पाड्याचा असेल. त्याला पाणी द्याच, पण सोसायटीच्या सभेत विचारा : पट्टा आहे का? तो कशाला बांधला आहे? लटकला तर त्याला उतरवणार कोण? सर्वांत कमी दराचे टेंडर निवडताना त्यातून कठडा तर वगळला नाही ना?

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंदिराच्या छपरावर, घंटेच्या मनोऱ्यावर शेवटी कोण चढले होते? कसे?
2. "देव राखील" म्हणणे केव्हा विश्वास असतो आणि केव्हा आळस?
3. एबद-मलेखाने केलेल्या तयारीतील कोणती गोष्ट आपल्याकडे नाही?

प्रार्थना : हे प्रभू, उंचावर राबणाऱ्या आमच्या लेकरांना सांभाळ. जो कठडा बांधणे आमच्या हाती होते आणि आम्ही बांधला नाही, त्याबद्दल आम्हांला क्षमा कर, आणि तो आजच बांधायला लाव. आमेन.