ते नऊ आले कुठून?

क्रांती चौकाच्या आसपासचे क्लास सुटले की मूल गाडीवर बसायच्या आतच आपण विचारतो, "टेस्टमध्ये किती पडले?" दिवसभराचं ऑफिस, जालना रोडची गर्दी, घरी कुकर लावायचाय. दुसरं काही सुचतच नाही हो.

दहावीच्या वर्गसमीकरणांत 'पूर्ण वर्ग पद्धती' आली की बरीच मुलं अडखळतात. एक्सचा वर्ग उणे ६ एक्स अधिक ५. सर सांगतात, सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ. नऊ मिळवा, नऊ वजा करा. मूल उतरवून घेतं, पण मनात राहतं: हे नऊ आले कुठून? वर्गात विचारलं तर बाकीचे हसतील. घरी विचारलं तर आपण म्हणतो, "पाठ कर, मार्क मिळतात." आपल्यालाही ते आठवत नसतं, आणि तसं सांगायला जीभ रेटत नाही.

एखाद्या रविवारी आलेखाचा कागद घेऊन शेजारी बसून बघा. एक्सच्या जागी १, २, ३, ४, ५ घालायला सांगा. उत्तरं येतात ०, −३, −४, −३, ०. तिनाच्या दोन्हीकडे तेच आकडे! बिंदू जोडले की वाटीसारखा वक्र, म्हणजे अन्वस्त, उमटतो, तळ एक्स ३ असताना, उणे ४ वर. नऊ मिळवून वजा केल्यावर तीच राशी होते (एक्स − ३)² − ४. वर्ग शून्याखाली जात नाही, म्हणून राशीही उणे ४ च्या खाली जात नाही. नऊमुळेच तो तळ, म्हणजे शिरोबिंदू, नुसत्या राशीत वाचता येतो. मुलाला हे दिसतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. पेन्सिल मात्र त्याच्याच हातात राहू द्या.

वर्ग पूर्ण करायची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. कन्नडचा घाट उतरून आपण पाटणादेवीला जातो ना, त्याच पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. १२०७ चा शिलालेख तसं सांगतो. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात श्रीधराचार्यांची रीत दिली आहे, तीही दोन्ही बाजूंना सारखीच संख्या मिळवून वर्ग पूर्ण करण्याची. पुढच्या सहलीत मुलाला हे जरूर सांगा.

अकरावीला सायन्स घेतलं तर अन्वस्त पुन्हा भेटणारच आहे. चाचणीत दोन मार्क गेले तर जाऊ द्या, पण "कुठून आले?" विचारणाऱ्या लेकराला निदान घरात तरी गप्प करू नका.