निसर्ग-पर्यटनाचे अर्थकारण : कर्नाळ्याच्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'मुक्त वस्तू' आणि 'आर्थिक वस्तू' हा भेद आम्ही अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. हवा, ऊन, रानातील सावली यांना बाजारात किंमत नाही, म्हणून त्या मुक्त वस्तू. मग ज्या रानात शिरताना तिकीट काढावे लागते, त्या रानाला काय म्हणावे? आपल्या कर्नाळ्यामुळे मला हा प्रश्न पडला. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली स्थापन झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य. आरंभी त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते. २००३ मध्ये ते वाढून सुमारे १२ चौरस किलोमीटर झाले. पावसाळ्यात घरटे करणारा तिबोटी खंड्या, हिवाळ्यातील पाहुणे पक्षी आणि अंगठ्यासारख्या सुळक्याचा किल्ला हे सारे मुंबईचा माणूस एका दिवसात पाहून परत जाऊ शकतो.

निसर्ग-पर्यटन म्हणजे काय? निसर्ग पाहावयास जावे, त्यास धक्का लावू नये आणि त्या प्रवासातून तेथील रहिवाशांच्या पदरात काही पडावे. पहिल्या दोन अटी आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. तिसरीचा मात्र विसर पडतो.

समजा, एका कुटुंबाने कर्नाळ्याच्या सहलीवर १,००० रुपये खर्च केले. (आकडा केवळ उदाहरणादाखल.) पेट्रोल शहरात भरले, खाऊ आणि पाण्याच्या बाटल्या शहरातून आणल्या. प्रवेशशुल्क सोडले तर भोवतालच्या ठाकर-कातकरी पाड्यांवर काय राहिले? फार तर कचरा! या प्रकाराला अर्थशास्त्रात 'गळती' म्हणतात. तेच कुटुंब पाड्यावरच्या घरी भाकरी जेवले, गावचा वाटाड्या सोबत घेऊन हिंडले, तर तो पैसा पुढे गावच्या वाण्याकडे, शिंप्याकडे फिरतो. यालाच 'गुणक' म्हणतात.

माझ्या आईने शाळेची पायरी चढलेली नाही. उन्हाळ्यात ती आमच्या गावच्या माळावरची करवंदे बाजारात नेऊन विकते. त्याच पैशांतून जूनमध्ये माझ्या वह्या येतात. गुणक हा शब्द तिला ठाऊक नाही. पण करवंदे खुडताना जाळी मोडू नये, पुढल्या साली तिच्याकडेच यायचे आहे, हे ती आम्हा भावंडांना दर वर्षी बजावते. 'शाश्वत विकास' हा शब्द पुस्तकात वाचला तेव्हा मला तिचेच बोलणे आठवले.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने हे प्रत्यक्षात करून दाखविले आहे. तेथील किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीस जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरचेच जेवण जेवतात. कासव जगले तर घर चालते, हे कळल्यावर राखणदार वेगळा नेमावा लागत नाही. सातासमुद्रापलीकडील कोस्टा रिका या उष्ण कटिबंधातील देशानेही १९९७ पासून इंधनावरील कराच्या उत्पन्नातून रान राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला दिला. तुटत चाललेले तेथील जंगल आज निम्म्याहून अधिक भूभागावर आहे आणि ते पाहण्यास जगभरातून लोक येतात.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेलकडे येणारी माणसे वाढणार, रान मात्र तेवढेच राहणार. प्रत्येक जागेची एक धारणक्षमता असते. गोंगाट वाढला की पक्षी घरटे टाकून जातो. पक्षी गेले तर तिकीट कोण काढील? रान हे मुद्दल आहे आणि पर्यटनाचे उत्पन्न हे त्याचे व्याज. मुद्दल खाणाऱ्याचा संसार किती दिवस चालणार?

गर्दी आवरली तर उत्पन्न घटेल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु उत्पन्न डोक्यांच्या संख्येवर नव्हे, तर प्रत्येकाच्या खर्चातील किती भाग गावात राहतो यावर मोजावे. म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सुटीच्या दिवशी प्रवेशास संख्येची मर्यादा असावी. प्रत्येक गटासोबत पाड्यावरचा प्रशिक्षित वाटाड्या सक्तीचा असावा. आणि प्रवेशशुल्कातून भोवतालच्या गावांसाठी काय खर्च झाले, याचा हिशेब दरवाजावरच्या फळ्यावर लिहावा.

आपल्या महाविद्यालयाच्या सहलीपासून आपण याचा आरंभ करू शकतो. पुढल्या खेपेस डबे घरून न नेता पाड्यावर चाळीस-पन्नास भाकऱ्यांची मागणी आधी नोंदवावी. पाठ्यपुस्तकातील गुणक तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.