घरभाड्याचा व्यवहार आणि अनामतीची जबाबदारी

सूरह अल-कससच्या २७ व्या आयतीत मदयनच्या एका वयोवृद्ध सज्जनांचा उल्लेख आहे. त्यांनी आपल्या एका मुलीचा विवाह ह. मूसा (अलै.) यांच्याशी करून देण्याची इच्छा दर्शविली आणि त्याबदली आठ वर्षे सेवा करण्याची अट घातली. दहा वर्षे पूर्ण करणे मात्र ह. मूसा (अलै.) यांच्या खुशीवर सोडले. आपण तुम्हाला कष्टात टाकू इच्छित नाही, असेही त्यांनी आश्वासन दिले. इस्लामी धर्मशास्त्रात मोबदला घेऊन सेवा वा वस्तूचा उपयोग देण्याच्या व्यवहारास ‘इजारा’ म्हणतात. फुकहांनी या व्यवहाराचा एक आधार म्हणून हीच आयत पुढे केली आहे. तिच्यातून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली, मुदत आणि मोबदला आरंभीच स्पष्ट असावा. दुसरी, ज्याचा हात वर आहे त्याने समोरच्यावर जाचकता लादू नये.

वाचकहो, आपल्या मालकीची एखादी खोली वा सदनिका आपण भाड्याने देता, तेव्हा आपणही इजाराच करीत असता. भाडे हे घराच्या उपयोगाचे मूल्य आहे. म्हणून घर राहण्यायोग्य स्थितीत, किल्लीसह भाडेकरूच्या ताब्यात दिल्यानंतरच भाड्याचा हक्क सुरू होतो. गळते छप्पर, तुंबलेले गटार, जुनी झालेली वीजजोडणी यांची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. पहिल्या तारखेस भाडे पूर्ण मोजून घ्यावे आणि दुरुस्तीच्या वेळी मात्र टाळाटाळ करावी, ही तीच वृत्ती होय जिचा सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये धिक्कार केला आहे: स्वतः घेताना पुरेपूर आणि दुसऱ्याला देताना कमी.

या व्यवहारात सर्वाधिक बेपर्वाई होते ती अनामत रकमेबाबत, जिला आपण डिपॉझिट म्हणतो. ही रक्कम भाडेकरूची आहे आणि अखेरपर्यंत त्याचीच राहते. आपण ती वापरली, तर ते आपल्यावरील कर्ज ठरते. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम लग्नकार्यात किंवा वाहन घेण्यात खर्च होते. भाडेकरू घर सोडू लागला की त्याला सांगितले जाते, “नवा भाडेकरू आला की तुमचे पैसे देतो.” दरम्यान त्या कुटुंबाला नव्या घरासाठी अनामत भरावयाची असते. आपल्या दिरंगाईमुळे त्यांना उसनवारी करावी लागते, कधी व्याजाने पैसे काढावे लागतात. अमानती त्यांच्या हक्कदारांना सुपूर्द करण्याचा आदेश सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. तेव्हा अनामत वेगळ्या खात्यात ठेवावी आणि किल्ली परत घेताच चुकती करावी.

तिच्यातून कपात करतानाही न्याय हवा. भाड्याचे घर भाडेकरूच्या हाती अमानत असते. त्याच्या हयगयीने वा आगळिकीने जे मोडले, त्याचीच भरपाई त्याच्याकडे मागता येते. वापराने फिका पडलेला रंग किंवा झिजलेली फरशी त्याच्या माथी मारता येत नाही. यासाठी घर देताना दोघांनी मिळून पाहणी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि पंखे, दिवे, नळ यांची यादी करून सह्या कराव्यात.

मुंबई आणि इतर शहरांत ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत रूढ आहे. उदाहरणार्थ, ज्या घराचे भाडे पंधरा हजार रुपये व्हावे, ते दहा लाख रुपये ठेवून घेऊन भाड्याविना किंवा नाममात्र भाड्याने दिले जाते. मुदतीअखेर दहा लाख परत होतात. नीट विचार केल्यास ध्यानात येईल की, हे दहा लाखांचे कर्ज आहे आणि घराचा वापर हा त्या कर्जावरील लाभ आहे. कर्जाच्या बदल्यात मिळणारा ठरीव लाभ व्याजातच मोडतो, म्हणून बहुसंख्य उलेमांनी हा व्यवहार अवैध ठरविला आहे. योग्य मार्ग सोपा आहे. भाडे बाजारभावाने घ्यावे आणि अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवावी. एकरकमी पैशांची गरज असल्यास काही महिन्यांचे भाडे आगाऊ घ्यावे. ती रक्कम भाडे म्हणूनच महिन्यागणिक वळती होते, कर्ज म्हणून उरत नाही.

मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याची शिकवण सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. नातलग वा ओळखीचा आहे म्हणून करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. ती नोंदणी करून घेणे मालकाचे कर्तव्य आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडे, अनामत, मुदत, सोसायटीचा देखभाल खर्च कोणी द्यावा आणि घर सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवावे, हे सारे करारात यावे. भाडे रोखीने घेतल्यास पावती द्यावी.

भाडे थकले तर प्रथम कारण विचारावे. तंगीत असलेल्या ऋणकोला सवड देण्याची शिकवण त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत आहे. जाणूनबुजून टाळणाऱ्याविरुद्ध कायद्याचा मार्ग खुला आहे; मात्र पाणी किंवा वीज तोडून स्त्रिया-मुलांना वेठीस धरणे ना शरीअतला मान्य, ना कायद्याला. नाव ऐकताच ज्यांना घर नाकारले जाते, अशा कुटुंबांच्या निकडीचा लाभ घेऊन भाडे वाढविणे हेही मुरुवतीला शोभत नाही. भाडेकरू कोणत्याही धर्माचा असो, त्याचा हक्क तितकाच पक्का आहे.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी खऱ्या दिवाळखोराची ओळख सांगितली आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन कियामतच्या दिवशी येईल, परंतु त्याने कोणाचा माल खाल्लेला असेल आणि त्याची पुण्ये हक्कदारांत वाटली जातील. आज आपल्याकडे कोणाची अनामत अडकलेली असेल, तर तो हिशेब याच जगात चुकता करणे सोपे आहे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईची आणि हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.