आधी रक्त, मग गोळी



देगलूरच्या एखाद्या शाळेत नववीत शिकणारी एक मुलगी आपण डोळ्यांसमोर आणू या. तिला सुमन म्हणू. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. वर्षभरापूर्वी आईने आपले एक मूत्रपिंड तिला दिले आणि सुमन पुन्हा शाळेत येऊ लागली. मात्र अधूनमधून एके दिवशी ती सकाळची गोळी न घेता, ती पिशवीत ठेवून, पहाटेच्या गाडीने नांदेडला जाते. आधी रक्त द्यायचे, मग गोळी घ्यायची, असे तिला बजावलेले असते. हा क्रम चुकला तर सारी खेप फुकट! असे का बरे?

आपले आणि परके

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी सतत पहारा करीत असतात. आपल्या शरीराचे काय आणि परके काय, हे त्या ओळखतात. आईचे मूत्रपिंड प्रेमाने दिलेले असले तरी या पहारेकऱ्यांच्या दृष्टीने ते परकेच. त्या त्याच्यावर हल्ला करतात. यालाच शरीराने अवयव नाकारणे म्हणतात.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले. ते यशस्वी झाले, कारण देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. पेशींना परकेपणा जाणवलाच नाही. पण प्रत्येकाला जुळे भावंड कोठून असणार? म्हणून पहारेकऱ्यांना आवरणारी औषधे शोधावी लागली. भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले.

आज बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस नावाचे औषध देतात. ते १९८४ साली जपानमधील त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून मिळाले. हल्ल्याची हाक देणारा पदार्थ पांढऱ्या पेशींत तयार होतो. टॅक्रोलिमसमुळे तो तयार होणे मंदावते आणि हल्ला टळतो.

कमी नको, जास्तही नको

औषध कमी पडले तर मूत्रपिंडावर हल्ला होतो. जास्त झाले तर पहारा फारच ढिला पडून जंतुसंसर्ग होतो, हात थरथरतात, आणि गंमत पाहा, ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे त्याच्याच रक्तवाहिन्या आकसून त्याला इजा होते! रोपणानंतरचे पहिले काही महिने रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम आणि पुढे ५ ते ८ नॅनोग्रॅम औषध असावे, असे पुष्कळदा ठरवतात. प्रत्येकाचा नेमका आकडा डॉक्टरच सांगतात.

एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सुमनच्या शरीरात ३ लिटर, म्हणजे ३००० मिलिलिटर रक्त आहे असे धरा. दर मिलिलिटरला ७ नॅनोग्रॅम औषध असेल तर एकूण २१,००० नॅनोग्रॅम झाले. मिठाचा एक लहानसा कणही याहून जड भरेल!

मोजायचे केव्हा?

घरातील रांजण डोळ्यांपुढे आणा. नळ दिवसातून दोनदा येतो. नळ येऊन गेल्यावर रांजण भरलेला दिसतो, पण त्यावरून पाणी पुरते की नाही हे कळत नाही. ते पाहायचे तर नळ येण्याच्या जरा आधी, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना पाहावे. औषधाचेही तसेच आहे. ते दर १२ तासांनी घेतात. गोळीनंतर रक्तातील पातळी चढते व पुढे उतरत जाते. म्हणून पुढच्या गोळीच्या अगदी आधी रक्त घेतात. सुमनने आधीच गोळी घेतली तर आकडा उगाच मोठा येईल. त्यावर विसंबून मात्रा कमी केली, तर मूत्रपिंडच धोक्यात येईल. रक्त नऊला द्यायचे असेल तर आदल्या रात्रीची गोळीही नऊलाच घेतलेली हवी.

मात्रा तीच, पातळी वेगळी

आतड्याच्या भिंतीत व यकृतात असणारी काही विकरे या औषधाचे तुकडे करतात. ती प्रत्येकात सारखी नसतात. लहान मुलांना वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त औषध लागते. क्षयावरील रिफॅम्पिसिन ही विकरे वाढवते, त्यामुळे पातळी घसरते. एरिथ्रोमायसिन त्यांना अडवते, त्यामुळे पातळी वाढते. पपनसानेही ती वाढू शकते. जुलाबातही औषध रक्तात जास्त उतरते. म्हणून दुकानातून परस्पर आणलेली गोळी सुमनला चालत नाही. डोकेदुखीवरच्या कित्येक गोळ्या तर मूत्रपिंडालाच बाधतात.

एक चुकलेली गोळी

समजा, सुमन उदगीरला मावशीच्या लग्नाला गेली आणि गोळ्या घरीच राहिल्या. रात्री नऊला पातळी ७ होती. दर १२ तासांनी ती निम्मी होते असे धरले, तर सकाळी नऊला ३.५ आणि रात्री नऊला २ च्याही खाली! सुमनला मात्र काहीच जाणवणार नाही. हल्ला बहुधा न दुखता सुरू होतो आणि रक्तातील क्रिएटिनीन वाढल्यावरच तो ध्यानात येतो. तोवर झालेली हानी कधी कधी भरून निघत नाही. चुकलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. दोन गोळ्या एकदम घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

किशोरवयात गोळ्या चुकण्याचे प्रमाण जास्त असते. बरे वाटू लागले की कंटाळा येतो. सोबतच्या स्टेरॉइड औषधाने चेहरा सुजतो आणि वर्गात कोणी हसले की गोळी नकोशी होते. येथे तुमचा संबंध येतो, मित्रांनो. तुमच्या वर्गात अशी सुमन असेल तर तिच्या चेहऱ्यावर हसू नका. सर्दीताप असेल तेव्हा तिच्याजवळ बसू नका. सहलीला निघताना एवढे मात्र जरूर विचारा : "गोळ्या घेतल्यास ना?"

विचार करा

१. सुमनची पातळी ६ आहे व ती दर १२ तासांनी निम्मी होते. दोन गोळ्या चुकल्या, तर २४ तासांनी ती किती राहील? आलेख काढा.
२. सुमनला जुलाब झाले. डॉक्टर रक्तातील पातळी लवकर तपासायला का सांगतील?