ध्रुवांवरचा बर्फ वाढतो आहे की घटतो आहे?

दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरचा बर्फ सुमारे ३४ लाख चौ. कि.मी. इतकाच उरला. उपग्रहांनी मोजमाप सुरू केल्यापासून एवढा कमी बर्फ तिकडे कधीच दिसला नव्हता. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरचा बर्फ २ कोटी चौ. कि.मी.च्या वर गेला. एवढा जास्त बर्फ तिकडे कधीच मोजला गेला नव्हता!

झाले, वादाला तोंड फुटले. एक पक्ष म्हणू लागला, "पृथ्वी तापते आहे, हा घ्या पुरावा." दुसरा म्हणाला, "तापते म्हणता, मग दक्षिणेत बर्फ वाढला कसा?" गंमत अशी, की दोघांच्याही हातातले आकडे खरे होते. आकडे खरे असून निष्कर्ष उलटे कसे निघतात, हे आपण पाहू.

पहिली गोष्ट तुमच्या लक्षात आली का? दोन्ही बातम्या सप्टेंबरच्याच. पण उत्तरेत तेव्हा उन्हाळा संपत असतो आणि दक्षिणेत हिवाळा. म्हणजे एकीकडचा वर्षातला सर्वांत कमी बर्फ आणि दुसरीकडचा सर्वांत जास्त बर्फ आपण समोरासमोर ठेवला. दुसरा फरक नकाशावर दिसेल. उत्तर ध्रुवाच्या जागी महासागर आहे व त्याला जमिनीने वेढले आहे. दक्षिण ध्रुवाच्या जागी अंटार्क्टिका हा खंडच आहे व त्याला महासागराने वेढले आहे. त्यामुळे 'ध्रुवावरचा बर्फ' हा शब्द फसवा ठरतो. समुद्राचे पाणी गोठून बनलेला सागरी बर्फ फार तर काही मीटर जाड असतो. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड यांच्या जमिनीवर हजारो वर्षे पडलेल्या हिमाचा थर मात्र कित्येक ठिकाणी दोन-तीन कि.मी. जाड आहे.

या दोन बर्फांतला फरक घरी करून पाहा. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे खडे सोडा व पाण्याच्या पातळीवर खूण करा. दुसऱ्या पेल्यात एक दगड असा ठेवा, की त्याचे डोके पाण्याबाहेर राहील. त्या डोक्यावर बर्फ ठेवून पातळीची खूण करा. बर्फ वितळल्यावर काय दिसते? पहिल्या पेल्यातली पातळी होती तिथेच राहते, दुसऱ्यातली वाढते. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकलाच आहात. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. (समुद्र खारट आणि सागरी बर्फ बराचसा गोडा असल्यामुळे किंचित फरक पडतो, पण तो अगदीच थोडा.) तेव्हा उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ वितळून मुंबई बुडेल असे कोणी म्हणाले, तर त्याला हे दोन पेले दाखवा.

आता सागरी बर्फाचा हिशेब पाहू. ध्रुवावर महिनोन्‌महिने रात्र असते आणि आकाश बहुधा ढगाळ. तिथे साधा कॅमेरा काय कामाचा? म्हणून १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह सूक्ष्मलहरी टिपतात. प्रत्येक वस्तू थोड्याफार सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते. बर्फाच्या आणि उघड्या पाण्याच्या लहरींत फरक असतो व त्या ढगांतूनही आरपार येतात. अशी जवळजवळ अखंड नोंद आता चाळीसहून अधिक वर्षांची झाली आहे.

या नोंदीतले कोणते वर्ष उचलायचे, यावर सारा खेळ चालतो. २०१२ च्या नीचांकानंतर २०१३ मध्ये उत्तरेतला किमान बर्फ सुमारे ५१ लाख चौ. कि.मी. भरला, म्हणजे एकाच वर्षात दीडपट! त्या वेळी काही इंग्रजी वृत्तपत्रांनी मोठे मथळे देऊन तापमानवाढ थांबल्याचे सुचवले. पण फाल्गुनात एखाद्या पहाटे गारठा पडला, म्हणून पुढचा वैशाख टळतो का? १९७९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे सुमारे ७० लाख चौ. कि.मी. बर्फ होता. १९७९ ते २०२४ या सर्व वर्षांतले सर्वांत कमी बर्फाचे अठरा उन्हाळे निवडले, तर ते नेमके २००७ ते २०२४ हेच निघतात. मात्र २०१२ चा नीचांक त्यानंतर २०२४ पर्यंत मोडला गेला नाही, हेही सांगायला हवे. "लवकरच उत्तर ध्रुव उन्हाळ्यात मोकळा होणार" असे म्हणत काहींनी जवळची सालेही देऊन टाकली होती. ती साले आली आणि गेली, बर्फ उरलाच. घाईने बोललेले भाकीत दुसऱ्या पक्षाला आयते हत्यार देते.

दक्षिणेची कथा याहून विचित्र आहे. तिथला सागरी बर्फ २०१४ पर्यंत सावकाश वाढत होता. कोणी वाऱ्यांकडे बोट दाखवले. वारे बर्फाला किनाऱ्यापासून दूर ढकलतात व मोकळ्या झालेल्या पाण्यावर नवा बर्फ धरतो. कोणी म्हणाले, वितळलेले गोडे पाणी पृष्ठभागावर पसरते आणि ते लवकर गोठते. हा वाद रंगात असतानाच २०१६ मध्ये बर्फ एकाएकी घसरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाख चौ. कि.मी.च्याही खाली गेला, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात १ कोटी ७० लाखांपर्यंतच कसाबसा पोहोचला. ही घसरण नेमकी कशामुळे झाली, यावर संशोधकांत आजही चर्चा चालू आहे.

पण समुद्राची पातळी ज्यावर अवलंबून आहे, तो जमिनीवरचा बर्फ. त्याचा हिशेब घरखर्चासारखा असतो. हिमवर्षाव ही जमा. समुद्रात तुटून पडणारे हिमनग आणि वितळून जाणारे पाणी हा खर्च. एकच बाजू पाहून चालत नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथे उतरली, हे तुम्ही वाचले असेल. नंतर तिथे उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले ठाणे काही वर्षांत हिमाखाली गाडले गेले, आणि 'मैत्री' हे नवे ठाणे खडकाळ जमिनीवर बांधावे लागले. ठाणे गाडले गेले म्हणजे अंटार्क्टिकावरचा बर्फ वाढला का? नाही. ती एका ठिकाणची जमा झाली. खर्चाचा आकडा त्यात नाही.

मग अख्खा खंड तोलायचा कसा? २००२ मध्ये 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी सोडण्यात आली. दोन्ही उपग्रह एकाच कक्षेत, एकमेकांपासून सुमारे २२० कि.मी. अंतर ठेवून धावत. खाली वस्तुमान जास्त असले की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई व अंतर वाढे. मग मागचा ओढला जाई. केसाच्या जाडीहूनही लहान असा हा फरक मोजून खालचे वस्तुमान काढता येते. २०१८ पासून हे काम दुसरी जोडी करते आहे.

तरीही वाद मिटला नाही, आणि तो का मिटला नाही हे समजून घेण्यासारखे आहे. हिमयुगात बर्फाच्या भाराने दबलेला खडक अजून हळूहळू वर येतो आहे. उपग्रहाला ते वस्तुमानही जाणवते व ते वजा करावे लागते. डब्यासकट तूप तोलायचे आणि डब्याचे वजन अंदाजाने वजा करायचे, असा हा प्रकार! २०१५ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील जे झ्वाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत वापरून, म्हणजे बर्फाच्या पृष्ठभागाची उंची मोजून, अंटार्क्टिकावरचा बर्फ १९९२ ते २००८ या काळात वाढत होता असे मांडले. टीकाकारांनी विचारले, उंची वाढली ती भुसभुशीत हिमाने की घट्ट बर्फाने? दोहोंच्या घनतेत मोठा फरक आहे. २०१८ मध्ये अनेक देशांतील ऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी वजन, उंची आणि जमा-खर्च या तिन्ही पद्धतींची उत्तरे एकत्र केली. १९९२ ते २०१७ या काळात सुमारे २,७०० अब्ज टन घट, असे उत्तर आले. घट मुख्यतः पश्चिम भागात होती. पूर्व अंटार्क्टिकापुरते उत्तर वाढ की घट, हे त्यांनाही खात्रीने सांगता आले नाही, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने लिहिले.

आता पाटी-पेन्सिल घ्या. जगातील महासागरांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौ. कि.मी. आहे. त्यावर १ मि.मी. पाणी चढवायला ३६० अब्ज टन पाणी लागते. 'ग्रेस'च्या मोजणीनुसार २००२ नंतर ग्रीनलंडने दर वर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन आणि अंटार्क्टिकाने सुमारे १५० अब्ज टन बर्फ गमावला. बेरीज करून भागाकार करा. वर्षाला १ मि.मी.हून थोडे जास्त उत्तर येईल. त्यात पर्वतांवरच्या हिमनद्यांचे पाणी आणि तापल्यामुळे समुद्राचे झालेले प्रसरण मिळवले, की १९९३ पासून पातळी सुमारे १० सें.मी. का वाढली हे कळते.

तुम्ही म्हणाल, मग तरंगत्या बर्फाची काळजी कशाला? ताजे हिम पडलेला बर्फ त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊन परत पाठवतो. उघडा समुद्र ९० टक्क्यांहून अधिक ऊन शोषतो. बर्फ गेला की पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यावर पुढचा बर्फ उशिरा धरतो. शिवाय अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला चिकटून तरंगणारी बर्फाची जाड पठारे मागच्या हिमनद्यांना बुचासारखी अडवून धरतात. २००२ च्या आरंभी लार्सन-बी नावाच्या अशा पठाराचा बृहन्मुंबईच्या पाचपटींहून मोठा भाग काही आठवड्यांत फुटून विखुरला. तो तरंगतच होता, म्हणून त्याने समुद्राची पातळी वाढवली नाही. परंतु त्याच्या मागच्या हिमनद्या पुढील दोन वर्षांत कित्येक पट वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या, आणि त्यांचा बर्फ जमिनीवरचा होता.